भंगारातल्या मोटरीतून तिसरी फेज : घरगुती २३० व्होल्टवर लेथ चालवण्याचा अनुभव

जुना_टर्नर

नमस्कार. निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लहानसे वर्कशॉप थाटायचे, हे फार वर्षांपासून मनात होते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एक जुना कारखाना आवरला जात असताना मला धातू कातण्याचा साडेचार फुटी लेथ, पिलर ड्रिल आणि बेंच ग्राइंडर असा संच परवडेल अशा भावात मिळाला. लेथची मोटर २ एचपी, ड्रिलची १ आणि ग्राइंडरची अर्धा एचपी असून तिन्ही मोटरी तीन फेजच्या आहेत. माझ्या घरी मात्र एकच फेज आहे आणि आमच्या गल्लीतून तीन फेजची लाइन गेलेलीच नाही. मोटरी बदलून सिंगल फेजच्या बसवा, असा सल्ला सगळ्यांनी दिला. परंतु तीन नव्या मोटरींची किंमत लेथच्या किमतीजवळ जाऊ लागली, म्हणून मी दुसरा मार्ग धरला. तो येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम मूळ अडचण नीट समजून घ्यावी, कारण माझे पहिले दोन महिने ती न समजल्यामुळेच वाया गेले. आपल्याकडे तीन फेजमध्ये दोन फेजांमधला दाब ४१५ व्होल्ट असतो, तर घरात फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० ते २४० व्होल्ट मिळतात. माझ्या मोटरींच्या पाटीवर ४१५ व्होल्ट, स्टार जोडणी (म्हणजे तिन्ही गुंडाळ्यांचे एकेक टोक एकत्र बांधलेले) असे लिहिलेले होते. मी तशीच मोटर २३० व्होल्टला जोडली, तिसऱ्या टोकाला कंडेन्सर (कपॅसिटर) लावला आणि मोटर नुसती घुमत राहिली. कंडेन्सर कमी पडतो आहे असे समजून मी तो वाढवत गेलो, मोटर तापत गेली, पण चक (लेथचा जॉब पकडणारा भाग) हाताने थांबवता येईल इतकाच जोर मिळत होता. दोष कंडेन्सरचा नव्हताच. इंडक्शन मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ४१५ ऐवजी २४० व्होल्ट दिले की तो एक तृतीयांशावर येतो.

उपाय मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्येच असतो. स्टार जोडणीत दोन गुंडाळ्या मिळून ४१५ व्होल्ट झेलतात आणि प्रत्येक गुंडाळीच्या वाट्याला ४१५ भागिले १.७३२, म्हणजे सुमारे २४० व्होल्ट येतात. त्यामुळे टोके जोडणाऱ्या पट्ट्या फिरवून हीच मोटर डेल्टा केली, म्हणजे गुंडाळ्या टोकाला टोक लावून त्रिकोणात जोडल्या, की ती २४० व्होल्टची तीन फेज मोटर बनते आणि पूर्ण ताकद देते. करंट मात्र त्याच पटीत वाढतो. माझ्या २ एचपी मोटरला ४१५ वर ३.४ अँपिअर लागत होते, ते डेल्टात ५.९ अँपिअर झाले. जास्त करंट गेल्यास मोटर बंद करणाऱ्या ओव्हरलोड रिलेची सेटिंग त्याप्रमाणे बदलली नाही तर तो उगीचच सुटत राहतो.

आता २४० व्होल्टची तिसरी फेज कोठून आणायची? कडबा कुट्टी यंत्राची एक ३ एचपी, १४४० आरपीएमची तीन फेज मोटर मला भंगारात किलोच्या भावाने मिळाली. बेअरिंगे बदलली, गुंडाळीत ओल होती म्हणून आत १०० वॉटचा दिवा लावून दोन दिवस वाळवली, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या मीटरने) अर्थिंगशी तपासली आणि डेल्टात जोडली. हिच्या दोन टोकांना घरचे फेज व न्यूट्रल दिले. मोटर एकदा फिरू लागली की एका फेजवरही फिरत राहते. फक्त ती स्वतःहून सुरू होत नाही. फिरत्या रोटरमधील प्रवाहांमुळे मोटरमध्ये फिरते चुंबकीय क्षेत्र टिकून राहते आणि जिला आपण काहीच जोडलेले नाही अशा तिसऱ्या टोकावर व्होल्टेज तयार होते, तेही जवळजवळ योग्य कोनात. घरचे दोन तार आणि हे तिसरे टोक अशी तीन टोके लेथला दिली की काम झाले. या रिकाम्या फिरणाऱ्या मोटरीला आयडलर म्हणतात, आणि ती सर्वांत मोठ्या मशीनच्या मोटरीच्या किमान दीडपट असावी, असे मी धरून चाललो आहे.

आयडलर फिरवण्यासाठी सुरुवातीला मी शाफ्टला दोरी गुंडाळून ओढत असे. नंतर जुन्या कूलरची पाव एचपी मोटर पट्ट्याने जोडून पाहिली. सध्या पुशबटण दाबेपर्यंत स्टार्टिंग कंडेन्सर लागतो आणि बटण सोडले की सुटतो, अशी व्यवस्था आहे. या शेवटच्या टप्प्यावर मी समाधानी नाही, म्हणूनच जाणकारांचे मत हवे आहे.

नदीकाठचा_शेतकरी

लेख आवडला, परंतु एक शंका आहे. आमच्याकडे शेतीच्या लाइनला ठरलेल्या तासांखेरीज दोनच फेज चालू असत, तेव्हा गावोगाव लोक कंडेन्सर लावून विहिरीवरची ५ एचपी मोटर बिनदिक्कत चालवीत. पट्ट्या कोणी कधी फिरवल्या नाहीत, तरी पाणी पडत असे. मग आपल्याला हा सगळा खटाटोप का करावा लागला?

जुना_टर्नर

आपण सांगता तो प्रकार खरा आहे, परंतु तेथील वीज वेगळी होती. दोन फेज चालू असताना त्या दोघींमध्ये पूर्ण ४१५ व्होल्ट असतात, त्यामुळे मोटरची जोडणी न बदलता फक्त तिसऱ्या टोकासाठी कंडेन्सर पुरतो. माझ्याकडे फेज आणि न्यूट्रल आहे, म्हणजे व्होल्टेजच कमी आहे. बाजारात ‘फेज स्प्लिटर’ म्हणून मिळणारे शेतीचे डबे घरच्या २३० व्होल्टवर लावून अनेकजण फसतात, ते याच कारणाने. शिवाय पंपाला सुरुवातीला फारसा जोर लागत नाही, वेग वाढेल तसा त्याचा भार वाढतो. लेथ मात्र मोठा चक आणि गिअर यांसह पहिल्या क्षणापासून भार घेऊन उठतो. त्या काळी तसे पंप चालवल्यामुळे गावातल्या डीपीच्या दोनच फेजांवर सगळा भार पडून ट्रान्सफॉर्मर जळत असत, हेही आपण पाहिले असेलच.

नदीकाठचा_शेतकरी

पाहिले आहे. ट्रान्सफॉर्मर बदलून येईपर्यंत उभा ऊस वाळताना पाहिला आहे. खुलाशाबद्दल आभार.

वायंडर_अप्पा

माझे मोटर रिवायंडिंगचे दुकान आहे, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

पहिली गोष्ट म्हणजे, सगळ्या मोटरींतून सहा टोके बाहेर आलेली नसतात. लहान मोटरींत, विशेषतः मागाच्या मोटरींत, स्टार पॉइंट आतच गुंडाळीवर बांधून फक्त तीन वायरी बाहेर काढलेल्या सापडतात. इचलकरंजी आणि भिवंडीकडून भंगारात येणाऱ्या लूम मोटरी स्वस्त असतात, मजबूतही असतात. पण त्या डेल्टा करायच्या तर झाकण उघडून, गुंडाळीवरची दोरी हलक्या हाताने कापून, जेथे तीन तारा एकत्र वळलेल्या आहेत तो सांधा शोधावा लागतो. तो सोडवून तीन नव्या लीड जोडाव्यात, प्रत्येकीवर स्लीव्ह चढवावी, पुन्हा बांधून वॉर्निश द्यावे. जुने वॉर्निश ठिसूळ झालेले असते, तेव्हा गुंडाळी थोडी गरम करूनच हात घालावा. थंड गुंडाळी ओढली की तारेवरचा इनॅमल निघतो आणि मोटर माझ्यासारख्याकडे येते. माझे त्यात भलेच आहे, पण आपले नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ३ एचपीपर्यंतच्या मोटरी आपल्याकडे बहुतेक स्टार असतात, परंतु ५ एचपी आणि त्यावरच्या बहुधा मुळातच ४१५ व्होल्ट डेल्टा असतात. अशा मोटरीत फिरवायला पट्टीच उरत नाही. ५ एचपीचा शेपर (धातू सपाट तासण्याचे यंत्र) कोणी घेऊन ठेवला असेल, तर त्याने एकतर मोटर २४० व्होल्टसाठी पुन्हा गुंडाळून घ्यावी, किंवा २३० चे ४१५ करणारा ट्रान्सफॉर्मर आधी बसवून आयडलरसह सगळे काही ४१५ वरच चालवावे. तो ट्रान्सफॉर्मर साडेसात केव्हीएच्या खालचा घेऊ नये, आणि पूर्ण भाराला घरच्या लाइनवर २० अँपिअरच्या वर करंट ओढला जाईल हे धरून चालावे. मला विचाराल तर शेपरवर ३ एचपीची मोटर बसवून काप हलका घ्यावा.

मृण्मयी_सुतारकाम

मी लाकडी खेळण्यांचे काम करते आणि माझ्याकडे एक रंधा मशीन व एक बँडसॉ, दोन्ही तीन फेजची आहेत. मी आयडलरच्या वाटेला गेले नाही, व्हीएफडी, म्हणजे विजेची वारंवारता बदलून मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह वापरते. २३० व्होल्ट सिंगल फेज आत आणि २३० व्होल्ट तीन फेज बाहेर असे ड्राइव्ह २.२ किलोवॉट, म्हणजे ३ एचपीपर्यंत सहज मिळतात. मोटर डेल्टा करण्याची अट येथेही आहेच. मोटर सावकाश उठते, त्यामुळे घरातले दिवे मिणमिणत नाहीत, आणि वेग बटणावर बदलता येतो. माझा एक ड्राइव्ह बंद पडलेल्या पॅकिंग मशीनमधून काढलेला आहे.

जुना ड्राइव्ह घेणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. त्यातले मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दोन-चार वर्षे वीज न मिळता पडून असतील, तर त्यांच्या आतला ऑक्साइडचा थर क्षीण झालेला असतो आणि एकदम २३० व्होल्ट दिल्यास ते फुटू शकतात. मी व्हेरिअॅकने (व्होल्टेज कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) पाव, अर्धे, पाऊण असे व्होल्टेज वाढवत नेले आणि प्रत्येक टप्प्यावर बराच वेळ थांबले. वीज बंद केल्यावरही आतल्या डीसी बसवर सुमारे ३२५ व्होल्ट शिल्लक असतात. झाकण उघडण्यापूर्वी दहा मिनिटे थांबून मीटरने खात्री करावी. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये स्विच टाकून चालू मोटर तोडू नये. मशीनचा जुना चालू-बंद स्विच मी ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला नेऊन जोडला आहे.

आणखी एक सांगते. ४१५ व्होल्टचा तीन फेज ड्राइव्ह भंगारात फार स्वस्त दिसतो, पण त्याला २३० व्होल्ट दिल्यास तो कमी व्होल्टेजचा दोष दाखवून बसतो. मी एकदा फसले आहे.

जुना_टर्नर

मृण्मयीताई, एकच मशीन असते तर मीही ड्राइव्हच घेतला असता, हे मोकळेपणाने मान्य करतो. माझ्याकडे तीन मशीने आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र ड्राइव्ह लावावा लागेल. आयडलर एकदा सुरू केला की तिन्ही मशीने आपापल्या जुन्या स्टार्टरवर, उलट-सुलट फिरवण्याच्या लिव्हरसह, जशी कारखान्यात चालत होती तशी चालतात. शिवाय एक मशीन चालू असताना तिची मोटरही तिसऱ्या फेजला हातभार लावते, त्यामुळे दुसरे मशीन अधिक सहज उठते. तोटा असा की आयडलर सतत घुमत राहतो. रिकामा फिरताना माझा टाँगटेस्टर (तारेभोवती अडकवून करंट मोजण्याचा मीटर) साडेपाच अँपिअर दाखवतो, परंतु मीटरवर प्रत्यक्ष खप अडीचशे वॉटच्या आसपास येतो, कारण बराचसा करंट बिनकामाचा, म्हणजे व्होल्टेजच्या मागे पडणारा आहे.

भुसावळचा_फिटर

रेल्वेच्या विद्युत लोको शेडमध्ये माझी हयात गेली. हा धागा वाचताना हसू आले, कारण आपण घरामागे जे बांधले आहे ते आमच्या डब्ल्यूएएम-४ आणि डब्ल्यूएजी-५ इंजिनांत मोठ्या आकारात बसवलेले होते. त्याला आर्नो कन्व्हर्टर म्हणतात. डोक्यावरच्या तारेतून २५ हजार व्होल्टची एकच फेज येते, आणि ब्लोअर व कॉम्प्रेसरच्या मोटरी मात्र तीन फेजच्या. ट्रान्सफॉर्मरच्या ऑक्झिलरी वायंडिंगमधून ३८० व्होल्टची एक फेज आर्नोला मिळत असे आणि फिरता आर्नो तिसरी फेज देत असे. पुढे त्याची जागा स्टॅटिक कन्व्हर्टरने घेतली, पण आर्नोवर चाललेल्या गाड्यांनी सारा देश पालथा घातला आहे.

आपल्या स्टार्टिंगच्या प्रश्नाचे उत्तर त्याच व्यवस्थेत आहे. आर्नो उठवताना तिसऱ्या टोकाला सी-११८ या काँटॅक्टरमधून (विजेने चालणाऱ्या स्विचमधून) एक रेझिस्टन्स जोडला जातो. तो किती वेळ जोडून ठेवायचा हे ड्रायव्हर ठरवत नाही; क्यूसीव्हीएआर नावाचा रिले तिसऱ्या फेजचे व्होल्टेज पाहत असतो. आर्नो वेगात येईल तसे ते व्होल्टेज चढते, ठरलेल्या पातळीला रिले खेचला जातो आणि सी-११८ उघडतो. हा काँटॅक्टर चिकटून राहिला तर काय होते, ते मी एकापेक्षा अधिक वेळा नाकाने अनुभवले आहे. माणसाच्या बोटावर हे काम ठेवू नये. तिसऱ्या टोकाचे व्होल्टेज पाहून सुटणारा रिले लावावा.

जुना_टर्नर

आपले उत्तर दोन दिवस आधी आले असते तर बरे झाले असते. परवा लाइनचे व्होल्टेज संध्याकाळी दोनशेच्या खाली उतरलेले होते, आयडलर नेहमीप्रमाणे उठेना आणि मी बटण दाबूनच उभा राहिलो. साताठ सेकंदांत स्टार्टिंग कंडेन्सरचे बूड उडाले आणि शेडभर कागदाचे तुकडे व कडवट धूर पसरला. चष्मा डोळ्यांवर होता म्हणून निभावले. स्टार्टिंगचे काळ्या प्लास्टिकच्या डब्यातले कंडेन्सर काही क्षणांच्या कामासाठीच असतात, हे मला ठाऊक असूनही मी ते केले.

ज्या रिलेचे आपण वर्णन करता तसा पोटेन्शियल रिले जुन्या विंडो एसीमध्ये कॉम्प्रेसर उठवण्यासाठी कधी कधी असतो. एसी दुरुस्तीवाल्याकडून एक मागवला आहे.

कंडेन्सरविषयी थोडे लिहितो, कारण भंगारातून आणण्याची खरी वस्तू तीच आहे. एसीचे ४४० व्होल्टचे, अॅल्युमिनियमच्या डब्यातले रनिंग, म्हणजे सतत जोडून ठेवण्याचे कंडेन्सर उत्तम. त्यांच्यावर लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. जुने कंडेन्सर निम्म्यावर आलेले असतात. मायक्रोफॅरडचा (कंडेन्सरची क्षमता मोजण्याचा) मीटर नसेल तर फ्यूजमधून लाइनला जोडून करंट मोजावा आणि ३१८३ ला करंटने गुणून व्होल्टेजने भागावे. २३० व्होल्टला २.६ अँपिअर आले तर कंडेन्सर ३६ मायक्रोफॅरडचा आहे. कारखान्याच्या पॅनेलमधले पॉवर फॅक्टरचे कंडेन्सरही चालतात, पण त्यांच्यावर मायक्रोफॅरडऐवजी केव्हीएआर लिहिलेले असते. ४४० व्होल्टचा ५ केव्हीएआरचा तीन टोकांचा डबा म्हणजे आतमध्ये प्रत्येकी साधारण २७ मायक्रोफॅरडचे तीन कंडेन्सर डेल्टात असतात. दोन टोके एकत्र बांधून तिसऱ्याशी मोजल्यास सुमारे ५५ मिळतात. फार जुने, तेलाने भरलेले आणि पाझरणारे डबे मात्र घरात आणूच नयेत, कारण त्या काळच्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन असण्याची शक्यता असते. प्रत्येक कंडेन्सरच्या टोकांवर १०० किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टन्स कायमचा डकवावा, म्हणजे बंद केल्यावर मिनिटाभरात तो रिकामा होतो.

ओंटारिओकर

कॅनडातून लिहीत आहे. माझ्या गॅरेजमध्येही असाच आयडलर आहे, परंतु येथील परिस्थिती थोडी निराळी आहे. येथे घरातच २४० व्होल्टचे दोन गरम, म्हणजे वीज असलेले तार येतात आणि न्यूट्रल त्यांच्या मध्यावर असतो. अमेरिकेतल्या जुन्या मोटरींना नऊ टोके असून त्या २३० आणि ४६० अशा दोन्ही व्होल्टेजवर जोडता येतात, त्यामुळे स्टार-डेल्टाचा प्रश्न सहसा येत नाही. कॅनडाच्या कारखान्यांत मात्र ६०० व्होल्टची वीज असते आणि येथल्या भंगारात ५७५ व्होल्टच्या मोटरी भरपूर मिळतात. त्या स्वस्त का आहेत, हे मला पहिली मोटर घरी आणल्यावर कळले.

तारमार्ग

वर कोणी न लिहिलेला एक मुद्दा ओंटारिओकरांच्या प्रतिसादामुळे आठवला. त्यांच्याकडे दोन्ही तार गरम आहेत. आपल्याकडे आयडलरच्या तीन टोकांपैकी एक टोक प्रत्यक्षात न्यूट्रल आहे. लेथच्या स्टार्टरला ते तिसऱ्या फेजसारखेच दिसते, आणि म्हणून कोणीतरी कधीतरी ते अर्थिंगशी जोडण्याचा मोह करतो. तसे अजिबात करू नये. आयडलर, लेथ आणि ड्रिल यांच्या बॉडींना स्वतंत्र अर्थिंग हवे, आणि मुख्य स्विच न्यूट्रलसकट तोडणारा हवा. उंदराने कुरतडून न्यूट्रलची वायर तुटली किंवा मीटरवर कोणी तार उलटे जोडल्यामुळे फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झाली, तर याच टोकावर वीज येते.

दुसरे असे की, काँटॅक्टरची कॉइल तिसऱ्या, तयार केलेल्या फेजवर जोडू नये. लेथ उठताना त्या फेजचे व्होल्टेज क्षणभर कोसळते आणि काँटॅक्टर कडकड वाजत उघडतो. कॉइल घरच्या दोन तारांवरच असावी. जुन्या स्टार्टरमध्ये ४१५ व्होल्टची कॉइल असेल, तर ती २३० ची घालावी लागेल.

घरगुती मीटरवर स्वतःच्या हौसेचे काम वेगळे आणि गिऱ्हाइकांचे जॉब करून पैसे घेणे वेगळे. दुसरा प्रकार वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापरात मोडतो. मंजूर भारही बिलावर पाहून घ्यावा.

जुना_टर्नर

तारमार्ग यांचे दोन्ही मुद्दे मी लगेच तपासले. लेथच्या स्टार्टरची कॉइल तिसऱ्या फेजवरच निघाली; चक उलटा फिरवताना येणारा तो आवाज मी इतके दिवस लिव्हरचा समजत होतो. जॉब मी बाहेरचे घेत नाही. शेजाऱ्यांच्या नातवाची सायकल तेवढी अपवाद आहे, आणि तिचे मी पैसे घेतलेले नाहीत.

एसीचा रिले बसवला. त्याची कॉइल तयार झालेल्या फेजवर आणि संपर्क स्टार्टिंग कंडेन्सरच्या वाटेत आहे, म्हणजे भुसावळच्या फिटरसाहेबांनी सांगितली तशीच रचना झाली. मात्र हा रिले बऱ्याच वरच्या व्होल्टेजला खेचणारा निघाला, त्यामुळे आमच्या २३० व्होल्टच्या आयडलरवर तो खेचलाच जाईना. वायंडर अप्पांना फोटो पाठवला, त्यांनी २३० व्होल्टच्या साध्या काँटॅक्टरचा बंद राहणारा संपर्क वापरा असे सुचवले. भंगारातला एक काँटॅक्टर १८० व्होल्टच्या आसपास खेचतो असे व्हेरिअॅकवर मोजून घेतले आणि तो लावला. आता बटण दाबले की आयडलर दोन सेकंदांत वेग घेतो, काँटॅक्टर ठक्कन बसतो आणि कंडेन्सर आपोआप बाहेर पडतो. त्यावर लक्ष ठेवायला पाच सेकंदांचा टायमरही मालिकेत घातला आहे, म्हणजे व्होल्टेज कमी असलेल्या संध्याकाळी आयडलर उठलाच नाही तरी कंडेन्सर सुटेल.

तोल साधण्यासाठी तयार फेज आणि घरचा एक तार यांच्यामध्ये ३६, तर तीच फेज आणि दुसरा तार यांच्यामध्ये १५ मायक्रोफॅरड ठेवले आहेत. लेथ चालू असताना तीन जोड्यांमध्ये २३१, २२५ आणि २३७ व्होल्ट येतात. काल दोन इंच व्यासाच्या माइल्ड स्टीलवर दीड मिलिमीटरचा काप घेतला, तेव्हा तयार फेज २१४ पर्यंत उतरली, पण लेथचा आवाज बदलला नाही. अर्ध्या तासानंतर लेथच्या मोटरीवर हात ठेवता येत होता. आयडलर मात्र जरा जास्त गरम वाटतो. त्याचा पंखा कडबा कुट्टीच्या काळातच दोन पाती गमावून बसला आहे, तो आता बदलायला घेतो.